समुद्राकडची भिंत

ठाण्यावरची ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी काढली, तेव्हा तिच्यामागे पालीची आठ-दहा अंडी निघाली. राजाभाऊंनी पाटी दोन्ही हातांनी उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, “घ्या! एवढी वर्षं हे सैन्य होतं इथं राखणीला.”

सगळे हसले. बंदरवाडीतली माणसं जरा जास्तच हसली, असं मला आता आठवतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

आमचं पोफळवडे गाव जयगडच्या खाली, एका लहानशा खाडीच्या तोंडाशी आहे. खाडीच्या काठाला बंदरवाडी, तिथं मासेमारी करणारी घरं. वर चढून आलं की कलमांच्या बागा, शाळा, देऊळ. आणि जिथं डोंगराचं नाक समुद्रात घुसलंय, त्या नाकावर हे ठाणं. मोठ्या महायुद्धात समुद्रावर नजर ठेवायला सरकारनं बांधलं. पुढं आपलं लष्कर आलं, पाच-सात जवान राहायचे. साधारण चाळीस वर्षांपूर्वी तेही गेले. मागं राहिली पाच एकर कातळाची जागा, भोवती काटेरी तार, तीन दगडी खोल्या आणि समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एक सलग भिंत. चाळीस फूट लांब, पंधरा फूट उंच, आणि पांढरी शुभ्र.

त्या पांढरेपणाचं गावाला फार कौतुक. आमच्याकडे तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. नव्या घराची भिंत दोन पावसाळ्यांत शेवाळ्यानं काळी होते. पण ठाण्याची भिंत बघावी तेव्हा नवी. ‘मिलिटरीचा चुनाच वेगळा,’ असं राजाभाऊ सांगायचे, आणि कोणी पाहुणा आला की त्याला अंगणाच्या टोकाला नेऊन ती भिंत दाखवायचे.

मीही त्यातलीच. चौतीस वर्षं मी गावच्या शाळेत शिकवलं. दरवर्षी नव्या वर्गाला खिडकीतून ती भिंत दाखवायची आणि सांगायची, “काम करावं तर असं. एकदाच केलं, पण मन लावून केलं. बघा, अजून टिकलंय.” शुद्धलेखन गिरवताना कंटाळणाऱ्या कितीतरी मुलांना मी त्या भिंतीच्या जोरावर पुन्हा पाटीकडे वळवलं असेल.

तर गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ती जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली. तिथं सार्वजनिक बाग करायची ठरली. राजाभाऊ समितीचे अध्यक्ष झाले. त्यांची तीनशे हापूसची कलमं आहेत, त्यामुळे झाडांतलं आपल्याला कळतं असं त्यांना वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. खोल्यांचं वाचनालय करायचं, कातळात खड्डे फोडून माती भरायची, सुरंगी, बकुळ, उंडी लावायची, मुलांना झोपाळे. आणि समुद्राकडच्या त्या मोठ्या भिंतीवर गावच्या मुलांनी चित्र काढायचं. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त झाले तरी मुलं काही माझ्या पडवीतून निवृत्त झाली नव्हती.

शाळेत स्पर्धा घेतली. ‘आपलं गाव’ हा विषय. एकोणऐंशी चित्रं आली, त्यातल्या साठेकांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि कौलारू घर होतं. आमच्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, डोंगरांमधून उगवताना कोणी पाहिलेला नाही. पण चित्रात तो तिथूनच उगवतो.

रुचिराचं चित्र वेगळं होतं. ही सातवीतली मुलगी, बंदरवाडीतल्या गुणाजी तांडेलांची नात. तिनं त्यांची होडी काढली होती, तिच्या वारलेल्या आजीच्या नावाची, ‘मथुरा’. होडी घरी परत येत होती. मागं निळं आभाळ, हिरवे डोंगर, आणि सुकाणूवर आजोबा. नावेच्या फळीवरचा एक ठिगळ लावलेला भागसुद्धा तिनं सोडला नव्हता.

चित्र निवडलं तेव्हा मी तिला विचारलं, कुठल्या भिंतीवर काढूया? वाचनालयाच्या आतल्या बाजूलाही जागा होती. ती लगेच म्हणाली, “समुद्राकडच्या. म्हणजे आजो होडी घेऊन येताना त्याला लांबून दिसेल.”

तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. आजोबांनी समुद्रावरून मान वर करावी आणि स्वतःला भिंतीवर बघावं, एवढंच तिला हवं होतं.

ग्रामसभेत मी तिचं चित्र दाखवलं. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून गुणाजी उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, सभेत कधी तोंड न उघडणारा. ते म्हणाले, “त्या भित्तीस काय करू नका.”

राजाभाऊंनी कारण विचारलं.

“नको म्हंजे नको.”

“अहो, भिंत तुमच्या सासऱ्यानं आंदण दिलीय का? सरकारनं गावाला दिलीय. नातीचं चित्र लागतंय, आणि तुम्हीच आडवे पडताय?”

सभा हसली. रुचिरा पुढंच उभी होती, चित्राचा कागद छातीशी धरून. गुणाजींनी तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि खाली बसले. नंतर रुचिरा मला म्हणाली, “आजोला माझं चित्र आवडलं नाय वाटतं.” मी तिची समजूत घातली, पण कारण मलाही कळलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू केलं. मोठं चित्र काढायचं तर चौकटींची युक्ती असते. कागदावर बोटभर अंतरानं उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, भिंतीवर तशाच हातभर अंतरानं. मग अख्खं चित्र काढायचं नसतंच. एका वेळी एकच चौकट बघायची, आणि तिच्यात जेवढं आहे तेवढंच उतरवायचं. मुलांना यात गंमत वाटते, कारण चौकटीत कधी नुसती एक वाकडी रेघ असते आणि ती कशाची आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. वेद नावाचा एक उतावळा मुलगा तीन दिवस एकाच चौकटीवर खपला आणि ते गुणाजींचं कोपर निघालं म्हणून रुसला.

वरच्या भागासाठी परांची बांधली होती. तिथं जयगडचा एक पेंटर काम करायचा, खाली मुलं. आधी पाठीमागचा रंग. दोन दिवसांत सगळी भिंत वर निळी आणि खाली हिरवी झाली. संध्याकाळी आम्ही लांब जाऊन तिच्याकडे पाहिलं. फार सुंदर दिसत होती. मुलांतली सावनी म्हणाली, आता भिंत भिंतीसारखी वाटतच नाही, डोंगरातच मिसळून गेली. मी तिला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिरा रंग ढवळत होती. ढवळता ढवळता सहज सांगितल्यासारखी म्हणाली, “काल आमची होडी म्हातारीला लागली.”

म्हातारी म्हणजे खाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या जरा खाली असलेलं खडप, बुडालेला खडक. भरतीला दिसत नाही. होडी आत आणताना तिच्या डाव्या अंगानं यावं लागतं आणि वाट अरुंद आहे. होडी रुचिराचे वडील, केतन, आणत होते. कोणाला काही लागलं नव्हतं, फक्त इंजिनाच्या पंख्याचं एक पातं तुटलं होतं. केतननं घरी सांगितलं की भरतीचा जोर होता.

“आणि आजो काय म्हणाला?”

“काय नाय. तो नुसता माझ्याकडं बघत बसला.”

त्याच दुपारी गुणाजी माझ्या पडवीत आले. चहा नको म्हणाले. बराच वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मी तांदूळ निवडत होते, ते निवडत राहिले. मुलांकडून मी एक शिकले आहे, की जे बोलायला कठीण जातंय त्याच्यासमोर आपण दुसरं काहीतरी काम करत बसावं.

शेवटी ते म्हणाले, “बाई, तुमी शाळेत पोरांना सांगायच्यात ना, मिलिटरीनं येकदा रंगवली नि चाळीस वर्सं रंग ऱ्हायला?”

मी हो म्हटलं.

“दरसाल मी रंगवतो ती.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जवान होते तोवर भिंत तेच रंगवत. त्या भिंतीच्या मागं, वरच्या अंगाला, वाघजाईच्या देवळाचा कळस दिसतो. समुद्रातून येताना भिंतीच्या बरोबर मध्यावर कळस आला, की समजायचं, होडी वाटेवर आहे. कळस उजवीकडे सरकला की होडीही उजवीकडे सरकली, म्हणजे पुढं म्हातारी. ही खूण बंदरवाडीतल्या प्रत्येक माणसाला पाठ. जवान गेल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात भिंत काळी पडली आणि डोंगरात हरवली. त्या वर्षी दोन होड्या म्हातारीवर गेल्या. मग गुणाजींचे वडील, रावजी, एका पहाटे चुन्याची बादली घेऊन वर गेले. कलमांच्या बागेच्या बाजूला तारेखाली एक भोक पाडलं आणि आत घुसले. तेव्हापासून दरसाल नारळी पौर्णिमेच्या आदल्या पहाटे त्यांच्या घरातली दोन माणसं त्या भोकातून जातात आणि भिंत पांढरी करून सूर्य वर यायच्या आत परत येतात. शिंपल्यांचा चुना, त्यात भाताची पेज आणि मूठभर मीठ, म्हणजे धरून राहतो. काथ्याचा कुंचा. मागून समुद्राला नारळ.

“म्हणजे केतनलाही माहीत होतं? तो तर माझ्या वर्गात होता.”

“दुसरीत होता तवापासून बादली धरतो.”

मला एकदम आठवलं. मी भिंतीचा तो धडा द्यायला लागले की केतनची पेन्सिल हमखास बाकाखाली पडायची आणि ती शोधायला त्याला फार वेळ लागायचा. बंदरवाडीतली सगळीच मुलं तेव्हा माना खाली घालायची. मला वाटायचं, माझ्या बोलण्याचा परिणाम होतोय.

मी हसायला लागले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. गुणाजी आधी घाबरले, मग तेही हसले. मी म्हटलं, अहो, ग्रामसभेत का नाही बोललात?

“सरकारी जागेत घुसत होतो, बाई, चाळीस वर्सं. पाटीवर लिवलंय, शिक्षा होईल. आनि...” त्यांनी टोपी उलटी केली, परत सुलटी केली. “पोरीच्या हातात चित्र होता. त्येच्यात मला काढल्यान.”

केतनच्या होडीवर यंत्र आहे, जागा दाखवणारं. मी त्याबद्दल विचारलं. गुणाजी म्हणाले, हर्णेपर्यंत जायला यायला ते बरं. पण घराच्या दारात शिरताना कोणी यंत्रात बघत नाही, डोळे वर उचलतो. केतननंही काल डोळेच उचलले होते.

आता प्रश्न एकच उरला. गुणाजी उठताना म्हणाले, “पोरीस तुमी सांगा. मला जमायचा नाय.”

मी म्हटलं, मी पण सांगणार नाही. रविवारी भरती कधी आहे तेवढं मला कळवा, आणि होडी तयार ठेवा.

दोन बिंदू एका रेषेत येतात म्हणजे काय, हे मी फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल. या वेळी फळा जरा मोठा घ्यायचा होता.

राजाभाऊंना मी सगळी हकीकत आधीच सांगितली. ते थोडा वेळ अंगणाच्या टोकाला जाऊन भिंतीकडे बघत उभे राहिले. किती पाहुण्यांना तिथं उभं केलं ते मोजत असावेत. परत आले ते म्हणाले, “यातलं एक अक्षर कोणाला सांगू नका. आणि रविवारी मी पण येणार.” त्यांच्या घरी लग्नकार्यात बैठकीला घालायच्या दोन लांबरुंद पांढऱ्या चादरी होत्या. त्या मी मागून घेतल्या. एकीला एक शिवून सावनी आणि वेद यांच्याकडे दिल्या, बरोबर पेंटरला ठेवलं. परांचीवरून भिंतीच्या मध्यावर ती चादर सोडायची, ठीक दहा वाजता. आधी नाही.

रविवारी सकाळी आम्ही ‘मथुरा’त बसलो. सुकाणूवर गुणाजी, इंजिनाशी केतन, मी, राजाभाऊ आणि रुचिरा. बंदरवाडीत राहूनही रुचिरा खाडीच्या बाहेर कधी गेली नव्हती. मुलींना कोणी नेत नाही. ती पुढच्या टोकाला जाऊन बसली, दोन्ही हातांनी काठ धरून, आणि सारखी मागं वळून बघत होती. आपलं चित्र समुद्रावरून कसं दिसणार ते बघायलाच आपण निघालोय, असं तिला वाटत होतं. चित्रातली होडी तोवर भिंतीवर निम्मी उतरलीही होती.

राजाभाऊ खाडीतच गप्प झाले. खाडीबाहेर पहिली लाट आली तसे ते काठाला वाकले ते तसेच राहिले. केतननं त्यांना मागून कमरेला धरलं आणि विचारलं, “काका, कलमं ठीक आहेत ना?” राजाभाऊंनी वाकूनच हात हलवला.

मैलभर बाहेर गेल्यावर गुणाजींनी होडी वळवली. समोर आमचा डोंगर, आणि वर वाघजाईचा कळस उन्हात चमकत होता. रुचिरा उभी राहिली. तिनं डोंगर डावीकडून उजवीकडे पाहिला. मग उजवीकडून डावीकडे.

“बाई, भिंत कुठाय?”

मी म्हटलं, शोध. तुझंच चित्र आहे.

तिनं एका ठिकाणी बोट दाखवलं. ती उंडीची झाडी निघाली. राजाभाऊंनी मान वर करून एका खडकाला भिंत ठरवलं आणि परत मान खाली घातली. निळा रंग आभाळात गेला होता, हिरवा झाडीत. सावनी म्हणाली होती ते अगदी खरं होतं. रुचिरानं डोळ्यांवर हात धरला. तिच्या कपाळावर आठी पडली. ती आता चित्र शोधत नव्हती. ती केतनकडे वळली आणि म्हणाली, “बाबा, परवा तू येताना पण असंच होतं?”

केतननं मान हलवली.

“मग तू आत कसा आलास?”

“नीट आलो कुठं? म्हातारीला भेटून आलो.”

दहा वाजले. चादर काही खाली आली नाही. दहा वाजून पाच. होडी गिरक्या घेत उभी, राजाभाऊ वाकलेले. वेदचं घड्याळ सात मिनिटं मागं असतं हे मला माहीत होतं. शाळेत तो उशिरा यायचा त्याचं हेच कारण सांगायचा. ती सात मिनिटं मला फार लांब वाटली. पण त्यांचा एक फायदा झाला. तेवढ्या वेळात गुणाजी कोणी न विचारता बोलू लागले. बापानं भोक कसं पाडलं, चुन्यात पेज का घालतात, एकदा पहाटे आतल्या बाजूला गस्तीचा माणूस आला तेव्हा ते आणि केतन बादलीसकट करवंदीच्या जाळीत कसे तासभर बसले होते. रुचिरा होडीच्या टोकावरून सरकत सरकत त्यांच्या पायाशी येऊन बसली. तिला सगळं कळलं होतं. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

आणि मग डोंगरावर एकदम एक पांढरा चौकोन उघडला. कोणीतरी पुस्तकाचं पान उलटावं तसा. वर, जरासा उजवीकडे, कळस.

“दिसली,” रुचिरा म्हणाली. अगदी हळू.

गुणाजींनी सुकाणूवरून एक हात काढला. “ये गो बाय, हितं बस. आता तू आन होडी.”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीकडे बघितलं.

तिनं दोन्ही हातांनी सुकाणूचा दांडा धरला. कळस उजवीकडे होता, म्हणजे डावीकडे जायचं, म्हणून तिनं दांडा डावीकडे ढकलला. होडी उजवीकडे वळली. कळस आणखी सरकला. गुणाजींचा हात तिच्या हातापासून चार बोटांवर होता, पण त्यांनी तो लावला नाही. म्हणाले, “उलटा आसता त्येचा. ढकल तिकडं.” तिनं दांडा उजवीकडे नेला. होडी थोडी थोडी डावीकडे आली. कळस सरकत सरकत चौकोनावर येऊन बसला. पुन्हा पलीकडे जाऊ लागला, तिनं पुन्हा आणला. तिचे ओठ हलत होते. ती मोजत नव्हती, नुसतं “मधे, मधे, मधे” म्हणत होती.

म्हातारीजवळून गेलो तेव्हा उजवीकडे पाण्यात गडद सावली दिसली. राजाभाऊ वाकलेलेच होते, त्यांना सगळ्यांत जवळून दिसली. त्यानंतर जेटीला लागेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले.

उतरल्यावर रुचिरा घरी गेली नाही. सरळ वर चढून ठाण्यावर गेली. तिच्यामागून मी धापा टाकत पोचले, तोवर ती भिंतीसमोर उभी होती. चादर वाऱ्यानं फुगत होती, तिच्या कडेनं अर्ध्या होडीचं टोक आणि गुणाजींचं कोपर दिसत होतं. वेद तिला विचारत होता की दिसलं का, कसं दिसलं. तिनं चादरीची कड उचलून रंगावर बोट फिरवलं. मग तिनं मला विचारलं, “यावरच चुना मारला तर चालेल?”

तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठीक होता. मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही, आजोबांना विचारू.

गुणाजी तोवर वर आले होते. ते गेटातून आले नाहीत, सवयीनं बागेच्या बाजूनं आले. म्हणाले, रंगावर चुना धरायचा नाय, आधी खरवडायला पाहिजे. रुचिरानं तारेचा ब्रश उचलला आणि पहिली खरवड स्वतःच्या होडीवर ओढली. मग बाकीची मुलं आली. वेदनं कोपर कोणाला खरवडू दिलं नाही. ते त्याचं होतं, त्यानंच खरवडून काढलं.

चार दिवसांत भिंत पुन्हा पांढरी झाली. चित्र वाचनालयाच्या आतल्या भिंतीवर गेलं, पण तेच नाही. रुचिरानं नवीन काढलं. समुद्रावरून दिसणारा डोंगर, त्यावर नखाएवढा पांढरा चौकोन, चौकोनाच्या बरोबर मध्यावर कळस, आणि अगदी पुढं सुकाणूचा दांडा, त्यावर एक लहान हात, आणि चार बोटांवर दुसरा, म्हातारा. मुलांच्या आग्रहाखातर कडेला काठावर वाकलेले राजाभाऊही पाठमोरे आले. बाग सव्वीस जानेवारीला उघडली. तेव्हापासून राजाभाऊ पाहुण्यांना भिंत दाखवत नाहीत, आपली पाठ दाखवतात.

यंदाच्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी समितीनं ठरवलं की भिंत रंगवायचा कार्यक्रम उघडपणे, सकाळी आठ वाजता करायचा. राजाभाऊ पांढरा सदरा घालून गेटात उभे. गेटाला आंब्याची डहाळी. बंदरवाडीतून गुणाजी, केतन आणि रुचिरा बादल्या घेऊन आले, आणि गेटासमोरून सरळ पुढं गेले.

“अहो गुणाजी, गेट उघडं आहे!”

“असू दे.” ते कलमांच्या बागेच्या बाजूला वळले. तार समितीनं सगळीकडून काढली होती, फक्त तेवढा तुकडा रुचिरानं हट्टानं ठेवायला लावला होता, भोकासकट. दोन्ही बाजूंनी मोकळं, मध्ये चार हात तार. गुणाजी तिच्यासमोर थांबले, बादली आधी आत सारली, आणि गुडघ्यांवर बसले. “वाकल्याबिगर ह्या कामाला हात लावायचा नाय, बाबा सांगायचा.” रुचिरानं तार वर धरली. ते गेले, केतन गेला, मग मुलांची रांग लागली. मीही गेले. माझा पदर अडकला, तो सावनीनं सोडवला.

गेटात राजाभाऊ एकटेच उरले होते. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग सदरा सावरत भोकापाशी आले. डोकं आणि खांदे आत आले, पुढचं काही येईना. केतननं आतून हात धरले, पेंटरनं बाहेरून पाय. सदरा पाठीवर वीतभर फाटला.

“ह्या रावजीला एवढंसंच भोक पाडायचं होतं?” राजाभाऊ जमिनीवरून म्हणाले.

“आमच्या मापाचं आहे, काका,” रुचिरा म्हणाली, आणि त्यांच्या हातात काथ्याचा कुंचा दिला.